वॉलिच नेचा

हिमालयापासून पूर्वेस चीन, तैवान व जपानपर्यंतच्या डोंगराळ, ओलसर जंगलांत जमिनीवर वाढणारा हा मोठा बहुवर्षायू नेचा ड्रायॉप्टेरिडेसी कुलातील असून त्याचे शास्त्रीय नाव ड्रायॉप्टेरिस वॉलिचियाना आहे. कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानाचे अधीक्षक असलेले डॅनिश वैद्य व वनस्पतिशास्त्रज्ञ नाथानिएल वॉलिच (१७८६–१८५४) यांच्यावरून हे नाव पडले.

मूलक्षोड (मुळासारखे दिसणारे खोड) जाड, आखूड व उभे असते. त्याच्या टोकाशी पाने गोलाकार मांडणीत उगवून बॅडमिंटनच्या फुलासारखी वर पसरत जातात. ती सहसा मीटरभर लांब, पण अनुकूल जागी दीड मीटरपर्यंतही वाढतात. पाते भालाकृती, तळाकडे निमुळते, वरून गर्द हिरवे असते. दले (पात्याचे छोटे भाग, पर्णिका) समोरासमोर किंवा एकाआड एक असतात आणि प्रत्येक दल जवळजवळ मध्यशिरेपर्यंत चिरलेले असून त्याच्या खंडांची टोके आडवी छाटल्यासारखी बोथट दिसतात. तथापि ओळखीची खरी खूण देठावर असते. देठ आणि पात्याचा मधला दांडा गर्द तपकिरी ते काळ्या शल्कांनी (पातळ खवल्यांनी) दाट भरलेला असतो व वसंतात गुंडाळीतून उलगडणाऱ्या पिवळसर हिरव्या कोवळ्या पानांवर ही काळी लव लांबूनही उठून दिसते. या शोभेमुळेच समशीतोष्ण प्रदेशांतील बागांत तो मुद्दाम लावतात.

बीजुककोशांचे (प्रजननाच्या सूक्ष्म कणांच्या, म्हणजे बीजुकांच्या, पिशव्यांचे) गोल पुंज खंडांच्या मागील बाजूस मध्यशिरेलगत ओळीने असतात व प्रत्येकावर मूत्रपिंडाकृती आच्छादन असते. या नेच्याचे प्रजनन बहुधा अफलित प्रकारचे, म्हणजे अंडपेशी व पुंपेशी यांच्या मीलनाविना होणारे आहे : बीजुकापासून बनलेल्या पूर्वकायकाच्या (लहान, चपट्या हिरव्या अवस्थेच्या) ऊतकातूनच थेट नवे रोप उगवते. पुंपेशींना पोहत जाण्यासाठी लागणाऱ्या पाण्याची अट त्यामुळे उरत नाही. मात्र निरनिराळे वंश जसेच्या तसे टिकून राहतात आणि जातीची सीमा आखणे अवघड होते.

भारतात काश्मीरपासून अरुणाचल प्रदेशापर्यंत, मुख्यतः सुमारे दीड हजार मीटरच्या वर, बांज (ओक), बुरांश (ऱ्होडोडेंड्रॉन) व देवदारवर्गीय वृक्षांच्या सावलीत तो आढळतो. जातीची व्यापक व्याख्या स्वीकारल्यास हवाई बेटे, मेक्सिको व दक्षिण अमेरिकेतील उंच पर्वतही त्याच्या प्रदेशात मोडतात. काही तज्ज्ञ मात्र तेथील वनस्पती वेगळ्या मानतात. महाराष्ट्रात त्याच प्रजातीतील ड्रायॉप्टेरिस कॉक्लिएटा हा लहान नेचा उगवतो, पण त्याची वंध्य व बीजुकधारी पाने निरनिराळ्या आकारांची असल्याने दोघांत गल्लत होत नाही.