घशाची जुनाट खवखव व कफ

घशात काहीतरी अडकल्यासारखे वाटणे, सतत खवखवणे, वारंवार खाकरावे लागणे आणि तरीही चिकट कफ न सुटणे, अशी आठवडेच्या आठवडे टिकणारी तक्रार. हा स्वतंत्र रोग नसून त्याचे मूळ पुष्कळदा घशाबाहेर, म्हणजे नाकात किंवा जठरात असते.

निरोगी माणसाच्या नाकात व सायनसच्या पोकळ्यांत रोज सुमारे एक लिटर श्लेष्मा, म्हणजे चिकट द्रव, तयार होतो. अस्तरावरील पक्ष्म, म्हणजे केसांसारखे सूक्ष्म तंतू, तो मागे घशाकडे लोटतात आणि तो नकळत गिळला जातो. त्यामुळे घशात कफ उतरत असल्याचे जाणवले, म्हणजे तो वाढलाच असे नव्हे. तो दाट झाला किंवा घशाचे अस्तर हळवे झाले, तरी एरवी न जाणवणारा श्लेष्मा खुपू लागतो. मग रुग्ण खाकरतो, स्वरतंतू एकमेकांवर जोराने आपटतात, तेथे किंचित सूज येते आणि त्या सुजेमुळे पुन्हा खाकरावेसे वाटते. मूळ कारण ओसरल्यावरही हे चक्र कित्येकदा चालूच राहते.

धूळ, बुरशी किंवा परागकण यांची ॲलर्जी आणि सायनसचा जुनाट दाह ही नाकातील प्रमुख कारणे होत. जठरातील आम्ल व पेप्सिन हा पाचकरस घशापर्यंत चढल्यानेही खवखव होते आणि अशा वेळी छातीत जळजळ असेलच असे नाही. विडी, सिगारेट, तंबाखू, चुलीचा धूर आणि शिक्षक किंवा कीर्तनकार यांच्यासारखा आवाजाचा अतिवापर यांनीही त्रास वाढतो. रक्तदाबावरील एनालाप्रिल, रॅमिप्रिल या गोळ्यांमुळे काहींना कोरडा खोकला व घशात खाज येते, पण गोळ्यांचा संशय सहसा उशिरा येतो. दुधाने कफ वाढतो हा समज मात्र अभ्यासांत टिकलेला नाही. दूध लाळेत मिसळल्यावर काही वेळ दाटपणा जाणवतो, इतकेच.

उपचार कारणानुसार ठरतो. ॲलर्जीत नाकात मारायचा स्टेरॉइड स्प्रे उपयोगी पडतो, परंतु त्याचा पूर्ण गुण यायला काही आठवडे लागू शकतात आणि अनेकजण त्याआधीच तो सोडून देतात. नाक मोकळे करणारे झायलोमेटाझोलिनचे थेंब आठवड्याहून अधिक वापरल्यास नाक उलट जास्त चोंदते. जलनेतीसाठी, म्हणजे मिठाच्या पाण्याने नाक धुण्यासाठी, उकळून गार केलेलेच पाणी वापरावे, कारण नळाच्या कच्च्या पाण्यातील अमीबा नाकावाटे मेंदूत शिरल्याच्या दुर्मीळ पण प्राणघातक घटना घडलेल्या आहेत. आम्लामुळे त्रास होत असल्यास जेवण व झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर ठेवणे आणि पलंगाची उशाकडील बाजू उंच करणे हितकारक ठरते. आम्लरोधक गोळ्या सर्रास दिल्या जातात. तथापि ब्रिटनमध्ये 346 रुग्णांवर झालेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लॅन्सोप्राझोल ही अशीच गोळी 16 आठवडे घेणाऱ्यांना नकली गोळी घेणाऱ्यांपेक्षा अधिक आराम पडला नाही. प्रतिजैविकांची गरज क्वचितच असते. खाकरण्याची उबळ आली की घोटभर पाणी पिणे किंवा कोरडा आवंढा गिळणे, ही सवय चक्र तोडण्यास खरोखर मदत करते.

तीन आठवड्यांहून अधिक बसलेला आवाज, गिळताना अडथळा, थुंकीत रक्त, मानेत गाठ, एकाच कानात ठणका किंवा वजनातील घट यांपैकी काहीही असल्यास, विशेषतः तंबाखू खाणाऱ्यांनी, कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीने तपासणी करून घ्यावी. खोकला दोन आठवड्यांहून अधिक राहिल्यास क्षयरोगासाठी थुंकी तपासावी लागते आणि भारतात सरकारी आरोग्य केंद्रांत ही तपासणी मोफत होते.