गाळलेली वचने: संपूर्ण पवित्र शास्त्र वाचण्याच्या आग्रहामागचा इतिहास

पवित्र शास्त्रातली, म्हणजे बायबलमधली, नकोशी वचने कोणी उघडपणे कापल्याची उदाहरणे तशी मोजकी आहेत. बहुतेक वेळा ती उपासनेत वाचायच्या उताऱ्यांच्या यादीतून गळतात आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. ‘सगळे शास्त्र माना, बोचणारेही’ या आग्रहाचा इतिहास या दोन्ही प्रकारांशी जोडलेला आहे. त्यातला दुसरा प्रकार जास्त काळ टिकला.

उघडपणे कापणाऱ्यांत पहिला मान मार्कियनचा. काळ्या समुद्राकाठच्या सिनोपेचा हा श्रीमंत माणूस रोमला आला आणि त्याने तिथल्या मंडळीला (ख्रिस्ती समाजाला) 2 लाख सेस्टर्सची (रोमन नाणी) देणगी दिली. 144 च्या सुमारास त्याला मंडळीबाहेर काढण्यात आले, तेव्हा ती रक्कमही परत केली गेली. जुन्या करारातला न्याय करणारा देव आणि येशूचा पिता एक असूच शकत नाहीत, असे त्याचे म्हणणे होते. म्हणून त्याने जुना करार पूर्ण बाद केला. शुभवर्तमानांपैकी फक्त लूक ठेवले, तेही जन्मकथा वगळून. पौलाची दहा पत्रे घेतली आणि त्यांतूनही अडचणीची वाक्ये उडवली. टर्टुलियन या ख्रिस्ती लेखकाने त्याच्याविरुद्ध पाच पुस्तके लिहिली. त्याची खेळी नेमकी होती: मार्कियनने स्वतः ठेवलेल्या मजकुरातूनच जुन्या कराराचे धागे काढून दाखवायचे. ते निघालेच, कारण लूकमधून ते पूर्णपणे उपटता येत नाहीत.

टेशियन या ख्रिस्ती लेखकाचा हेतू मात्र चांगला होता. चार शुभवर्तमानांतल्या विसंगती खटकू नयेत म्हणून त्याने दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात चारींची गुंफण करून एकच कथन बनवले. सिरियाक भाषेतल्या मंडळ्यांत ते पिढ्यानपिढ्या वाचले गेले. पाचव्या शतकात सीरियातल्या किर्‍हसचा बिशप थिओडोरेट याने आपल्या भागातून त्याच्या 200 हून अधिक प्रती गोळा केल्या आणि त्यांच्या जागी चार वेगळी शुभवर्तमाने दिली. सोयीच्या एका कथेपेक्षा न जुळणाऱ्या चार साक्षी त्याला मोलाच्या वाटल्या.

यहूदी परंपरेत हा प्रश्न आधीच हाताळला गेला होता. गणना 28:11 प्रमाणे चंद्रदर्शनाच्या दिवशी दोन गोऱ्हे, एक मेंढा आणि सात कोकरे अर्पायची. यहेज्केल 46:6 मध्ये एक गोऱ्हा, सहा कोकरे आणि एक मेंढा. अशा विरोधांमुळे यहेज्केलचा ग्रंथ बाजूला ठेवण्याची वेळ आली होती, असे तालमूद हा यहूदी धर्मचर्चांचा ग्रंथ सांगतो. तेव्हा हनन्या बेन हिज्कीया या धर्मपंडिताला 300 मापे दिव्याचे तेल पुरवण्यात आले आणि मेळ बसेपर्यंत तो माडीवरच्या खोलीत बसून राहिला. मिश्ना या यहूदी नियमसंग्रहातला एक नियमही बघण्यासारखा आहे. सभास्थानात हिब्रू वचनांपाठोपाठ लोकभाषेत अर्थ सांगायची पद्धत होती. रऊबेनाने बापाच्या उपपत्नीशी केलेला व्यवहार (उत्पत्ति 35:22) वाचायचा, पण त्याचा अर्थ सांगायचा नाही. म्हणजे लाज झाकली, पण वचन गाळले नाही.

जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरची गोष्ट अशीच अर्ध्यावर थांबते. 1522 च्या नव्या करारात त्याने याकोबाच्या पत्राला गवताचे (म्हणजे हलके) पत्र म्हटले. इब्री, याकोब, यहूदा आणि प्रकटीकरण ही चार पुस्तके त्याने शेवटी ढकलली आणि अनुक्रमणिकेत त्यांना क्रमांकही दिला नाही. पण छापली मात्र चारही.

सर्वांत निर्लज्ज कापणी 1807 ची. ब्रिटिश वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी लंडनमध्ये छापलेल्या निवडक बायबलमध्ये 1189 अध्यायांपैकी फक्त 232 अध्यायांतला मजकूर होता. योसेफाची गोष्ट होती. मिसर देशातून इस्राएलाची सुटका नव्हती. ‘दासांनो, धन्यांची आज्ञा पाळा’ (इफिसकर 6:5) होते. ‘दास आणि स्वतंत्र हा भेद नाही’ (गलतीकर 3:28) गायब. कोणाला काय टोचत होते ते या यादीवरूनच कळते.

आता यादीतून होणारी गळती. 1549 च्या इंग्लिश प्रार्थनापुस्तकाच्या प्रस्तावनेत तक्रार आहे की यशया आगमनकाळात (नाताळाआधीच्या आठवड्यांत) सुरू होतो आणि उत्पत्ति ईस्टरपूर्व उपवासकाळाआधी, पण कोणतेच पुस्तक शेवटास जात नाही. उपाय म्हणून स्तोत्रे दर महिन्याला, जुना करार वर्षातून एकदा आणि नवा तीनदा, असा क्रम लावला गेला. गंमत अशी की त्याच पुस्तकाने ‘कमी उपयोगाचे’ म्हणून काही अध्याय सोडले आणि प्रकटीकरण जवळजवळ सगळेच वगळले.

कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्ये शास्त्राचे भांडार अधिक खुले करण्याचे ठरवले आणि त्यातून तीन वर्षांची रविवारची वाचनमाला आली. जुन्या एकवर्षीय क्रमापेक्षा ती कितीतरी भरगच्च आहे. तरी 1971 च्या कॅथलिक प्रहरप्रार्थनेतून (दिवसाच्या ठरावीक वेळांच्या प्रार्थनांतून) शत्रूंना शाप देणारी स्तोत्रे 58, 83 आणि 109 पूर्ण वगळली गेली, आणि 137 मधली फक्त पहिली सहा वचने राहिली. अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या वापरतात त्या 1992 च्या वाचनमालेत शास्ते या पुस्तकातला एकच उतारा आहे (4:1-7). तिच्यात प्रकटीकरण 22 मधून 18 आणि 19 ही वचने सुटली आहेत. या ग्रंथातून काही काढू नये, असे बजावणारी नेमकी तीच!

आपल्या मंडळीच्या वाचनयादीची तपासणी सोपी आहे. संदर्भात स्वल्पविराम दिसला, उदाहरणार्थ स्तोत्र 139:1-12, 23-24, की मधली वचने उघडून वाचायची. इथे ‘देवा, दुर्जनाला मारून टाक’ हा भाग 19 ते 22 मध्ये सापडतो. तो गाळला की शेवटचे ‘माझे मन जाण’ नुसते गोड भजन होते. ठेवला तर द्वेष ओकून झाल्यावर माणूस स्वतःचीच झडती मागतो आहे, हे दिसते.

सलग वाचायचे तर 1189 अध्यायांना रोज सव्वातीन पडतात. रोज तीनच्या गतीने उत्पत्तीचे 50 आणि निर्गमाचे 40 तिसाव्या दिवशी संपतात, मग लेवीय लागते, आणि बहुतेकांची गाडी तिथेच अडते. निर्गमातल्या निवासमंडपाच्या (उपासनेच्या तंबूच्या) मापांनी आधीच दमछाक झालेली असते, त्यात यज्ञांचे नियम. मॅकशेन या स्कॉटिश पाळकाने 1842 मध्ये आखलेल्या क्रमात रोज चार वेगवेगळ्या जागांहून एकेक अध्याय असतो, त्यामुळे रूक्ष भाग एकटा अंगावर येत नाही. लेवीयाचे 27 अध्याय ओलांडताना 16 वा अध्याय इब्री 9 शेजारी ठेवावा आणि 19 वा सावकाश वाचावा: शेजाऱ्यावर प्रीती (19:18) आणि परक्यावर प्रीती (19:34) तिथेच, कापणीच्या आणि वजनमापांच्या नियमांत मिसळलेली आहे. दिवस चुकला तर मागचे भरून काढत बसू नये. त्या तारखेपासून पुढे जावे आणि सुटलेल्या अध्यायांवर खूण करून ठेवावी.