नवी डिस्क विचारते तो प्रश्न १९८३ सालचा आहे

सांगलीत गावभागात राहणाऱ्या माझ्या भाच्याने स्वतः जुळवलेल्या कॉम्प्युटरमध्ये चार टीबीची नवी हार्ड डिस्क बसवली आणि रात्री फोन केला, "मामा, अर्धी डिस्क गेली कुठं?" स्क्रीनवर २०४८ जीबीचा एक तुकडा वापरायला मिळत होता. पुढचे १६७८ जीबी काळ्या पट्टीखाली पडून होते, त्यांचं पार्टिशनही पाडता येत नव्हतं. डिस्क चांगली होती, केबलही नीट होती. विंडोजने पहिल्यांदा डिस्क इनिशिअलाइझ करताना, म्हणजे वापरासाठी तयार करताना, 'एमबीआर की जीपीटी' असं विचारलं (डिस्कवरच्या तुकड्यांची, म्हणजे पार्टिशनची, नोंद ठेवायच्या या दोन पद्धती), तेव्हा याने वरचा, एमबीआरचा पर्याय घेऊन ओके केलं होतं. हा प्रश्न मुळात आला कुठून, हे त्याला समजावताना मला बरंच मागे जावं लागलं.

पहिली हार्ड डिस्क आयबीएमने १९५६ साली रामॅक या यंत्रासोबत आणली. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या, आणि त्यात मावायची फक्त ५० लाख अक्षरं. घरी किंवा छोट्या ऑफिसात ठेवता येईल अशा कॉम्प्युटरपर्यंत डिस्क पोचायला पाव शतक गेलं. १९८० साली सीगेट कंपनीची सव्वापाच इंची, पाच एमबीची डिस्क आली आणि मार्च १९८३ मध्ये आयबीएमने पीसी एक्सटी हा कॉम्प्युटर काढला. त्यात दहा एमबीची डिस्क होती. फ्लॉपीची ए आणि बी ही अक्षरं आधीच गेलेली, म्हणून हिच्या वाट्याला सी आलं, ते आजतागायत.

एक्सटीसोबतच डॉस या विंडोजच्या आधीच्या ऑपरेटिंग सिस्टीमची दुसरी आवृत्ती आली आणि तिच्याबरोबर पार्टिशनचा तक्ता. एकाच डिस्कवर वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टीम नांदता याव्यात म्हणून डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा सगळ्यात छोटा कप्पा), ५१२ बाईटमध्ये, चार रकाने आखले. हाच एमबीआर. पार्टिशन कुठल्या सेक्टरपासून सुरू होतं आणि किती सेक्टरचं आहे, हे प्रत्येक रकान्यात ३२ बिटांत लिहायचं. ३२ बिटांत मोजता येतात ४,२९,४९,६७,२९६ सेक्टर. त्याला ५१२ ने गुणलं की साधारण २.२ लाख कोटी बाईट होतात, म्हणजेच भाच्याच्या स्क्रीनवरचे ते २०४८ जीबी. दहा एमबीच्या जमान्यात हा आकडा ठरवणाऱ्यांना मी मुळीच दोष देत नाही. त्यांनी गरजेच्या दोन लाख पट जागा सोडून ठेवली होती.

त्याआधीच्या भिंती तर फारच जवळ होत्या. बायोस (कॉम्प्युटर सुरू करणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) आणि डिस्क या दोघांच्या मोजणीच्या मर्यादा एकत्र आल्या की ५२८ एमबीच्या पुढे काही दिसायचं नाही. डॉसच्या फॅट१६ या फाइली मांडायच्या पद्धतीत एक पार्टिशन दोन जीबीपेक्षा मोठं होत नसे. सी, डी, ई असे तुकडे पाडण्याची आपल्याकडची सवय त्या काळातली आहे, हे मी खात्रीने सांगतो, कारण ते तुकडे मी स्वतः पाडलेत. तेव्हा पट्टी केबलवर दोन डिस्क लावायच्या तर जंपर नावाची डिस्कवरची बारीक पिन-टोपी काढून-लावून एकीला मास्टर, दुसरीला स्लेव्ह करावं लागे. पुढे १३७ जीबीवर आलेली अशीच अडचण विंडोज एक्सपीच्या पहिल्या सर्व्हिस पॅकने, २००२ मध्ये सुटली. साटा ही एका केबलला एकच डिस्क लावायची नवी जोडणी आल्यावर जंपरही गेले. एमबीआर तेवढा राहिला.

जीपीटीची मांडणी इंटेलने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बायोसला पर्याय शोधताना केली. यात सेक्टरचा पत्ता ६४ बिटांचा असतो आणि विंडोजमध्ये १२८ पार्टिशन चालतात. मला मात्र तिची दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. एमबीआरचा तक्ता एकाच ठिकाणी असतो, पहिला सेक्टर बिघडला की संपलं. जीपीटी आपल्या तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी ठेवते, आणि तक्ता शाबूत आहे की नाही हे पडताळायची बेरीजही सोबत लिहिते.

भाच्याची डिस्क रिकामीच होती, त्यामुळे इलाज सोपा होता. पार्टिशन काढून टाकलं, डिस्क मॅनेजमेंटमध्ये जीपीटीत बदलली, एनटीएफएस या विंडोजच्या आजच्या फाइल-पद्धतीने फॉरमॅट मारला. विंडोज वेगळ्या एसएसडीवर होतं, म्हणून बूटचा प्रश्नच आला नाही. याच डिस्कवरून विंडोज सुरू करायचं असतं, तर मदरबोर्ड यूईएफआयचा, म्हणजे बायोसच्या जागी आलेल्या नव्या पद्धतीचा आहे ना, हे आधी बघावं लागलं असतं. आता ३७२५ जीबी दिसतात. चार हजारांतले बाकीचे चोरीला गेलेले नाहीत. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या.

ही डिस्क घेण्याचं कारण घरचे फोटो होतं. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा घरच्यांनी जुन्या डिस्कसकट कॉम्प्युटरचं कॅबिनेट उचलून माडीवर नेलं होतं, म्हणून फोटो वाचले. साध्या हार्ड डिस्कला हवेसाठी बारीक भोक असतं, पाण्यात बुडाली की गाळ आत जातो. फोटो नव्या डिस्कवर उतरवून घेतले, एकेक फोल्डर उघडून तपासला, आणि जुनी डिस्क मी माझ्यासोबत मिरजेला घेऊन आलो.