लांबच्या वाडीतली तांब्याची लाइन फायबरवर नेण्यासाठी अर्ज कसा कराल?

एक्स्चेंज बाजारपेठेत आणि घर पाच किलोमीटरवरच्या वाडीत, ही कोकणातली नेहमीची गत. अशा लाइनवर मोठा प्लॅन घेऊनही उपयोग नाही. तांब्याच्या तारेत अंतर वाढेल तसा सिग्नल क्षीण होतो. एडीएसएल २ प्लस, म्हणजे तांब्याच्या तारेवरून इंटरनेट देणारे तंत्र, त्याची कमाल मर्यादा २४ एमबीपीएस असली तरी एवढ्या लांब एखाद-दोन मिळाले तर नशीब. फायबर २० किलोमीटरपर्यंत सहज चालते. तेव्हा अर्ज प्लॅन बदलण्याचा नको, बीएसएनएलच्या ‘भारत फायबर’वर जाण्याचा करा.

घर स्वतःचे की भाड्याचे, याने अडत नाही. अडते ते फायबर वाडीपर्यंत आली आहे की नाही यावर. ‘बुक माय फायबर’ पोर्टलवर नकाशात जागा दाखवून मागणी नोंदवता येते. खूण आपल्याच छपरावर करा. एका पिनकोडात इथे कितीतरी गावे असतात. तरी खरी खबर लाइनमनकडे असते, त्याला आधी गाठा.

आधार कार्ड, फोटो, पत्त्यासाठी वीजबिल किंवा घरपट्टीची पावती आणि फोनचे भरलेले शेवटचे बिल जवळ ठेवा. भाडेकरूंनी भाडेकरारही. घोडे पेंड खाते ते नावावर. फोन आजोबांच्या नावे असेल आणि ते हयात नसतील, तर मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती देऊन आधी नाव बदलून घ्या. चाकरमानी गणपतीला येतात तेव्हाच सह्या उरकाव्यात, नाहीतर बसा शिमग्याची वाट बघत.

अर्जात ‘तांब्यावरून फायबरवर बदल, नंबर तोच’ असे स्पष्ट लिहा. नुसती ‘नवीन जोडणी’ नोंदली गेली तर नंबर नवा येतो आणि जुन्या लाइनचे बिलही चालूच राहते.

तार कुणाच्या परड्यातून किंवा कलमांच्या बागेतून जाणार असेल तर त्यांना आधीच विचारून ठेवा. माणसे येऊन गडग्यापाशी परत गेली की पुन्हा कधी येतील, सांगता येत नाही. जोडणी झाल्यावर पॉवर मीटर लावून फायबरमधल्या सिग्नलच्या ताकदीचा आकडा दाखवायला सांगा; तो डीबीएममध्ये मोजतात. उणे २० डीबीएमच्या आसपास असेल तर उत्तम. उणे २७ च्या पलीकडे, म्हणजे उणे २८-२९ वर गेला तर सही करू नका, सांधा पुन्हा मारून घ्या.

जुन्या फोनला वीज एक्स्चेंजमधून यायची, म्हणून लाइट गेली तरी तो वाजायचा. फायबरच्या मोडेमला घरची वीज लागते. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात होती. मोडेमपुरता छोटा यूपीएस घ्याच.

फायबर आलीच नसेल तर वाडीतल्या सगळ्यांनी मिळून ग्रामपंचायतीत लेखी मागणी द्या आणि पोच घ्या. गावोगावी फायबर नेण्याच्या केंद्र सरकारच्या, २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेट कार्यक्रमात ग्रामपंचायतींच्या पलीकडच्या गावांनाही मागणीनुसार जोडण्याची तरतूद आहे. जोडणीनंतरच्या तक्रारीचा डॉकेट क्रमांक मात्र जपून ठेवा; तक्रार नीट सुटली नाही तर त्याच क्रमांकावर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे विनाशुल्क दाद मागता येते.