हेल्मेटच्या काचेला खटका आला कुठनं

कोल्हापुरात शिरोली नाक्यावरनं हायवेला लागलं आणि गाडी ऐंशीच्या पुढं गेली की हा अनुभव बहुतेकांना येतो, मागनं ट्रक येतोय का बघायला मान जरा उजवीकडं वळवली की काचेच्या कडेखाली वारं शिरतं आणि काच फाटदिशी वर जाते. समोरनं येणारं वारं काच दाबून बंद ठेवतं, पण मान वळली की तेच वारं तिला उचलतं. उसाच्या सीझनला पुढं ट्रॉली असली तर पाचटाचा कचरा सरळ डोळ्यात. म्हणजे नुसती घट्ट बसणारी काच पुरत नाही, तिला खटका पाहिजे. पण खटका फार कडक करूनही चालत नाही कारण पावसात श्वासानं काच धुरकट झाली की ती त्याच क्षणी उघडता यायला हवी, आणि माणूस पडला तर धावत आलेल्या अनोळखी माणसालाही ती उघडता आली पाहिजे. वाऱ्यानं नि धक्क्यानं उघडायची नाही आणि माणसाच्या एका बोटानं उघडायची, अशी ही दुहेरी मागणी आहे, आणि ती मोटरसायकलींच्या कितीतरी आधीची, निदान सहाशे वर्षं जुनी आहे.

युरोपात चौदाव्या शतकाच्या शेवटी बॅसिनेट नावाचं शिरस्त्राण होतं, त्याला पुढं डुकराच्या नाकाडासारखी लांब टोकदार झडप असायची. काही झडपा कपाळावरच्या एका बिजागरीवर उचलायच्या, काही दोन्ही कानशिलांजवळच्या खिळ्यांवर फिरायच्या आणि ते खिळे काढले की सगळी झडप सुटी व्हायची. ती जागेवर राहायची ती मुख्यतः स्वतःच्या वजनानं आणि सांध्यातल्या घर्षणानं. पंधराव्या शतकात इटलीत आर्मेट नावाचं शिरस्त्राण आलं आणि सोळाव्यात सगळं डोकं गळ्यापर्यंत बंद करणारं क्लोज हेल्मेट, आणि इथं खरा खटका दिसायला लागतो. पोलादाची एक पातळ पट्टी आतनं रिव्हेट मारून बसवायची, तिच्या टोकाला छोटं बोंड, ते बोंड पत्र्याच्या भोकातनं बाहेर डोकावणार, झडप खाली आली की बोंड तिच्या भोकात टच्चकन बसणार आणि उघडताना ते बोटानं आत दाबायचं. स्प्रिंग आणि खटका दोन्ही एकाच पट्टीत. उद्यमनगरात शॉपवर काम केलेल्या कुणालाही हे बघून त्या कारागिराला सलाम करावासा वाटेल, कारण पोलाद तापवून विझवताना पट्टीला पाणी जरा जास्त बसलं तर ती मोडणार आणि कमी बसलं तर वाकून तशीच राहणार.

झडप उचलायला जी खुंटी असायची ती बहुतेक वेळा उजव्या बाजूला असायची. भाल्याच्या द्वंद्वात समोरचा घोडेस्वार डाव्या अंगानं यायचा, मार डावीकडं बसायचा, म्हणून ती बाजू गुळगुळीत नि मजबूत ठेवायची, भाल्याचं टोक अडकेल असं काही तिथं नको. खटका कुठं बसवायचा हे तेव्हाही धोका कुठनं येतो यावर ठरत होतं.

आणि धोका खराच होता. १० मार्च १५२४ ला इंग्लंडचा राजा आठवा हेन्री त्याचा मित्र, सफकचा ड्यूक चार्ल्स ब्रँडन, याच्याशी भाल्यानं खेळत होता आणि झडप खाली करायचीच राहिली. बघणारे लोक ओरडले पण ड्यूकला नीट दिसतही नव्हतं आणि ऐकूही येत नव्हतं, भाला राजाच्या शिरस्त्राणावर फुटला आणि आत सगळ्या ढलप्या भरल्या. राजा वाचला, नशीबच म्हणायचं. फ्रान्सच्या दुसऱ्या हेन्रीला ते नशीब मिळालं नाही. ३० जून १५५९ ला पॅरिसमध्ये गॅब्रिएल द माँतगोमेरीच्या तुटलेल्या भाल्याच्या ढलप्या झडपेतनं त्याच्या डोळ्याच्या वर घुसल्या आणि दहा दिवसांनी, १० जुलैला, तो गेला. पहिल्या वेळी झडप उघडी राहिली आणि दुसऱ्या वेळी झडप असून वाचवता आलं नाही. मला यातली पहिली गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, कारण तिथं यंत्रात काही बिघाड नव्हता, माणूस विसरला होता, आणि कुठलाही खटका विसरलेली झडप लावून देत नाही.

आपल्याकडं दख्खनेत पूर्ण तोंड झाकणारी झडप रुळली नाही. इथलं ऊन, इथली घोडदळाची हलकी चाल, त्यात पोलादात कोंडलेलं तोंड कसं चालणार. इथल्या टोपाला खाली मानेवर कड्यांची जाळी आणि पुढं नाकावर सरकणारी एक पट्टी असायची. ही पट्टी टोपाला लावलेल्या घरातनं वर-खाली सरकायची आणि हवी तिथं छोट्या स्क्रूनं आवळायची, किंवा वर ओढून आकड्याला अडकवायची. म्हणजे हलणारं संरक्षण आणि त्याला जागेवर धरणारं कुलूप दोन्ही आलं, फक्त साधं आणि दुरुस्तीला सोपं. म्युझियममध्ये असा टोप दिसला तर लोक नक्षीकाम बघून पुढं जातात, त्यांनी तो नाकापाशचा स्क्रू जरूर बघावा.

बंदुका आल्यावर हे सगळं मागं पडलं, आणि चेहऱ्यापुढं काही हलतं लावायची गरज परत आली ती वेगामुळं. सुरुवातीच्या मोटरसायकलवाल्यांकडं गॉगल आणि कातडी टोपी एवढंच. मे १९३५ मध्ये टी. ई. लॉरेन्स, म्हणजे ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’, मोटरसायकलवरनं पडून गेले, त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे सर्जन होते, आणि १९४१ मध्ये त्यांनी मोटरसायकलवरनं जाणाऱ्या लष्करी निरोप्यांच्या डोक्याच्या दुखापती आणि हेल्मेट यावर ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं. तिथनं हेल्मेट हा गंभीर विषय झाला, पण ते सगळं कवटीपुरतंच होतं, तोंड उघडंच.

पुढं उघड्या तोंडाच्या हेल्मेटला काच लावायची तर कपाळावर तीन टिचबटणं, बास. काच वर करायची सोय नाही, लावली तर लावली नाहीतर काढून खिशात. काचेचा मालही धड नव्हता, सेल्युलॉइड किंवा अॅक्रिलिक. १९५३ मध्ये जर्मनीत बायरच्या हर्मन श्नेल यांनी आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या डॅनियल फॉक्स यांनी, दोघांनी वेगवेगळं काम करून, पॉलिकार्बोनेट बनवलं आणि मग चित्र पालटलं. दगड बसला तरी तुकडे न होणारी, वाकवता येणारी काच मिळाली. पण वाकते म्हणजेच वाऱ्यानं कड उचलते, म्हणून चांगला माल आल्यावर खटक्याची गरज उलट वाढलीच.

मधल्या काळात विमानवाल्यांनी स्वतःची वाट काढली. अमेरिकन नेव्हीच्या एपीएच-६ सारख्या हेल्मेटात काच कपाळावरच्या पट्टीतनं सरकायची, मधोमध एक गोल नॉब, ढिला करायचा, काच हवी तिथं आणायची आणि पुन्हा आवळायचा. नंतर दात्यांची पट्टी आणि दाबायचं बटण असे प्रकार आले, कारण विमानातनं बाहेर फेकलं जाताना वाऱ्याचा जो तडाखा बसतो त्यात नुसत्या घर्षणावर धरलेली काच टिकत नाही. अवकाशवीरांच्या हेल्मेटात तर काच नुसती बंद होऊन भागत नाही, हवाबंद व्हावी लागते, म्हणून तिथं आडव्या दांडीनं आवळून लॉक करायची रचना आली. १ फेब्रुवारी २००३ ला कोलंबिया यान परतताना तुटलं, कल्पना चावला त्यात होत्या. नासानं २००८ मध्ये काढलेल्या अहवालात नोंद आहे की आतली हवा निघून गेली तेव्हा कुणाचीच काच खाली नव्हती. काच लावून ऑक्सिजन चालू ठेवला तर केबिनमध्ये ऑक्सिजन वाढून आगीचा धोका व्हायचा, म्हणून परतीच्या बऱ्याच वेळात काचा वरच ठेवायची पद्धत होती, आणि हवा इतकी झपाट्यानं गेली की खाली करायला वेळच मिळाला नाही. काच खाली असती तरी त्या अपघातातनं कुणी वाचलं नसतं हेही खरं. पण उघडं ठेवायचं कधी आणि बंद कधी हा प्रश्न तिथंही सुटलेला नव्हता.

रेसिंगमध्ये बेल कंपनीचं पूर्ण तोंड झाकणारं स्टार हेल्मेट आलं आणि १९६८ मध्ये जर्मनीतल्या न्युरबर्गरिंगला डॅन गर्नी हे ड्रायव्हर ते घालून फॉर्म्युला वनमध्ये उतरले. तिथनं मोटरसायकलींकडं ही कल्पना यायला वेळ लागला नाही. आता हनुवटीपुढं कवचाचा कडक भाग आला, म्हणजे काचेला खाली टेकायला कड मिळाली, आणि कड मिळाली की तिथं आकडा बसवता येतो. २५ जुलै २००९ ला हंगेरीत पुढच्या गाडीची निखळलेली स्प्रिंग फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर फेलिपे मासाच्या हेल्मेटवर, डाव्या डोळ्याच्या वर, काचेच्या वरच्या कडेपाशी बसली. तेव्हा कळलं की कच्ची जागा काच आणि कवच मिळतात तिथं आहे. २०११ मध्ये त्या जोडावर झायलॉन या फार मजबूत धाग्याची पट्टी सक्तीची झाली.

आपल्या रोजच्या हेल्मेटची बाजूची प्लेट उघडून बघा. आत कमानीसारखी दात्यांची पट्टी असते, तिच्यावर एक छोटी जीभ, मागं तारेची स्प्रिंग. काच उचलताना कट कट आवाज येतो तो ही जीभ एकेका दात्यावरनं जाते त्याचा. हे रॅचेट काच अर्धवट उघडी धरायला असतं, बंद धरायचं काम खालच्या आकड्याचं, पण स्वस्त मालात आकडा नसतोच, सगळा भार शेवटच्या दात्यावर. त्या खाचेत धूळ, फाउंड्रीची वाळू, कारखान्याची काजळी बसली की दाते झिजतात आणि मग काच कुठंच थांबत नाही. मी पावसाळ्याआधी मऊ ब्रशनं ही खाच साफ करतो आणि सिलिकॉन ऑइलचा एखादा थेंब देतो, पेट्रोलनं कधीच पुसत नाही कारण पॉलिकार्बोनेटला त्यानं बारीक चिरा जातात.

चांगल्या हेल्मेटात काच उघडायची जीभ बहुधा डावीकडं किंवा मधोमध दिसेल. उजवा हात थ्रॉटलवर असतो ना, सोडता येत नाही. जुन्या घोडेस्वाराची खुंटी उजवीकडं होती आणि आपली डावीकडं आली, कारण दोन्हीकडं तेच, मोकळा हात कुठला आणि धोका कुठला. काहींमध्ये आणखी एक टप्पा असतो, काच चार-पाच मिलिमीटर उघडी राहून तिथंच अडकते, धुकं जायला आणि आत पाऊस यायला नको म्हणून. गगनबावड्याच्या घाटात पावसाळ्यात गाडी चालवणाऱ्यानं हा टप्पा बघूनच हेल्मेट घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे.

१९८१ मध्ये बीएमडब्ल्यूचं सिस्टीम हेल्मेट आलं, शुबर्थनं बनवलेलं, त्यात काचेबरोबर हनुवटीचा अख्खा भागच वर जातो. इथं खटक्याची जबाबदारी एकदम वाढली, काच उघडली तर डोळ्यात धूळ जाईल पण हनुवटी उघडली तर जबडा जाईल. म्हणून युरोपच्या नियमात लेबलवर पी, जे किंवा पी/जे अशी खूण असते, पी म्हणजे हनुवटीला संरक्षण देणारं, जे म्हणजे हनुवटीपुढं काही नसलेलं, आणि पी/जे म्हणजे बंद आणि उघडं दोन्ही प्रकारे तपासलेलं. त्याच नियमावलीत काच हाताच्या एका साध्या हालचालीत नजरेसमोरनं बाजूला करता आली पाहिजे असंही लिहिलंय, आणि त्याच्या नव्या आवृत्तीत, २२.०६ मध्ये, ६ मिलिमीटरची पोलादी गोळी सेकंदाला ६० मीटरनं काचेवर मारून बघतात, म्हणजे ताशी २१६ किलोमीटर.

भारतात दुचाकीच्या हेल्मेटला आयएस ४१५१ हे मानक आहे आणि १ जून २०२१ पासून आयएसआय मार्क नसलेलं हेल्मेट बनवायला, विकायला बंदी आहे. तरी रस्त्याकडेला टांगलेल्यांत काय काय मिळतं ते सगळ्यांना माहितीये. इथनं शंभर-सव्वाशे किलोमीटरवर बेळगावात ‘वेगा’ कंपनीची हेल्मेटं बनतात, म्हणजे नीट माल लांबनं आणायचीही गरज नाही. दुकानात घेताना हातमोजा घालून काच एका हातानं उघडता येते का बघा, बंद करून हेल्मेट उलटं धरून झटका द्या, काच उघडली तर ते ठेवून द्या, आणि बाजूच्या प्लेटांची जोडी सुटी मिळते का ते बिल करायच्या आधीच विचारा, कारण कवचाच्या कितीतरी आधी तीच झिजते.