ऊसतोडणी यंत्र

उभा ऊस बुडापासून कापून, त्याचे शेंडे आणि पाला बाजूला करून, वीतभर लांबीच्या कांड्या करून त्या शेजारून चालणाऱ्या ट्रॉलीत ओतणारे स्वयंचलित यंत्र. महाराष्ट्रात त्याला सर्रास ‘हार्वेस्टर’ किंवा नुसतेच ‘मशीन’ म्हणतात. ते ज्याची जागा घेत आहे तो कोयता म्हणजे केवळ अवजार नाही. साखरपट्ट्यात एक कोयता म्हणजे एक नवरा-बायको. मजुरांची टोळी जमवून आणणाऱ्या मुकादमाने ‘वीस कोयते आणले’ असे सांगितले की चाळीस माणसे आली असे समजायचे. एकटा आलेला गडी हा ‘अर्धा कोयता’. मोजदादीची ही रीत आधी समजून घ्यावी लागते, कारण यंत्र आल्यावर कोणाचे काय गेले हे कुठेच नोंदले जात नाही, त्याचे मूळ तिच्यात आहे.

राज्यातला पहिला सहकारी साखर कारखाना प्रवरानगरला उभा राहिला, १९५०-५१ च्या सुमारास. पुढच्या काळात कृष्णा, पंचगंगा, नीरा, भीमा यांच्या काठाने कारखाने वाढत गेले. ऊस तिथला, पण तोडणारे हात आले पावसाच्या भरवशावरच्या मुलखातून: बीड जिल्ह्यातले शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, धारूर, वडवणी, केज, अहिल्यानगरचे पाथर्डी-शेवगाव, शिवाय जालना, परभणी, धाराशिव, नाशिकचे काही तालुके. १९७२ च्या दुष्काळानंतर हा ओघ वाढला आणि पुढे कायमचा झाला. आज ऊसतोड मजुरांची संख्या आठ ते बारा लाख सांगितली जाते. अंदाजातच चार लाखांचा फरक पडावा, एवढी ही माणसे सरकारी कागदापासून दूर राहिली.

व्यवहार चालतो तो उचलीवर, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ घेतलेल्या पैशावर. पावसाळ्यात घरात पैसा नसतो तेव्हा मुकादम कोयत्याला उचल देतो आणि ती फेडण्यासाठी दसरा-दिवाळीनंतर जोडपे कारखान्याच्या वाटेला लागते. मुकादमाला पैसा मिळतो वाहतूकदाराकडून, वाहतूकदाराला कारखान्याकडून. करार होतो कारखाना आणि वाहतूकदार यांच्यात. ज्याच्या हातात कोयता आहे त्याची सही या कागदांवर नसते.

फडातले, म्हणजे तोडणीच्या उसातले, काम पहाटे चार-पाचला सुरू होते. थंडीने पाचटावर दव साचलेले असते, हात कापतात, पाल्याच्या कडांनी दंडावर ओरखडे उठतात. गडी वाकून जमिनीलगत घाव घालतो. बाई पाला साळते, ऊस एका दिशेला लावते, वाढ्यांना, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांना, पीळ देऊन त्यांच्या बंधाने मोळी आवळते. मग ती मोळी डोक्यावर घेऊन शिडीवरून ट्रकवर चढवायची. गाडी कधी येईल याचा नेम नसतो. रात्री अकराला आली तर अकराला भरायची, आणि पहाटे पुन्हा फड आहेच. ज्यांच्याकडे बैल आहेत ते बैलगाडीने किंवा कारखान्याने दिलेल्या टायरगाडीने ऊस स्वतः कारखान्याच्या गव्हाणीपर्यंत, म्हणजे गाळपासाठी ऊस टाकतात तिथपर्यंत, नेतात. डोक्यावरून गाडी भरणाऱ्यांच्या तळाला ‘डोकी सेंटर’ म्हणतात. एक कोयता दिवसाला साधारण दीड ते दोन टन ऊस पाडतो. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीदरात ३४ टक्के वाढ ठरली आणि टनाला २७३ रुपयांचा दर ३६६ च्या घरात गेला. म्हणजे दोन टनांचे सव्वासातशेच्या वर, आणि ते दोघांचे मिळून. त्यातले बाईचे किती, हे कोणी वेगळे काढत नाही.

यंत्राची रचना वरवर पाहता सोपी वाटते. पुढे दोन फिरते शंकू असतात. ते शेजारच्या सरीत गुंतलेला ऊस मोकळा करतात. उंचावर शेंडे छाटणारा टॉपर. खाली, जमिनीला जवळजवळ चिकटून, एकमेकींविरुद्ध फिरणाऱ्या दोन चकत्या आणि त्यांना लावलेली पाती. कोयत्याचे काम हीच पाती करतात. कापलेला ऊस रोलर आत ओढतात, चॉपर त्याच्या कांड्या करतो, मोठा पंखा पाला-पाचट मागे उडवतो आणि एलिव्हेटर त्या कांड्या ‘इन्फिल्डर’ नावाच्या ट्रॉलीत टाकतो. मशीन एका वेळी एकच सरी घेते. सलग मोठे रान असेल, सऱ्या सरळ असतील आणि कारखान्याची वाहने वेळेवर आली तर दिवसाला शंभर टनांच्या पुढे तोडणी होते. पन्नासएक कोयत्यांचे, म्हणजे शंभर माणसांचे हे काम. मशीनवर मात्र पाळीने चालवणारे दोन चालक, मदतनीस आणि इन्फिल्डरचे ड्रायव्हर एवढीच माणसे लागतात. हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकी. कागदावरचे हे गणित प्रत्यक्षात रोज जुळत नाही: पाती बदलावी लागतात, होज पाइप फुटतो, गव्हाणीसमोर गाड्यांची रांग लागली की यंत्र बांधावर उभे राहते.

यंत्राला जमिनीने जागा करून द्यावी लागते. जुन्या पद्धतीत अडीच-तीन फुटांवर सरी पडे. मशीनसाठी ती किमान चार-साडेचार फूट, शक्यतो पाच फूट हवी. म्हणजे तोडणीचा निर्णय लागणीच्या दिवशीच घ्यावा लागतो. वळायला बांधाच्या कडेला मोकळी जागा लागते. वीस गुंठ्यांचा तुकडा, मध्ये विहीर, एका कोपऱ्यात आंबा, बांध वाकडा, अशी जमीन आपल्याकडे जागोजागी आहे आणि तिथे मशीन आत शिरत नाही. काळ्या रानात ओल असेल तर चाके रुततात. रुतली नाहीत तरी माती दाबली जाऊन खोडव्याची, म्हणजे तोडलेल्या बुडातून पुन्हा येणाऱ्या उसाची, फूट मार खाते. पाती जमिनीच्या उंचसखलपणाप्रमाणे नीट लावली नाहीत तर बुडखे उरतात किंवा ठोंब उपटला जातो. उसात साखर बुडाकडे जास्त असते, त्यामुळे चार बोटे उंच राहिलेला बुडखा शेतकऱ्यालाही महाग पडतो आणि कारखान्यालाही. कांड्यांना दोन्ही टोकांना उघडे छेद असल्याने त्या अख्ख्या उसापेक्षा लवकर आंबतात. तोडल्यापासून गाळपापर्यंत रेंगाळायला वेळच नसतो. कांड्यांबरोबर पाचट जाते म्हणून वजनातून काही टक्के कपात होते, आणि तिच्यावरून दर हंगामात वाद होतात.

तरीही शेतकरी मशीन मागतो, आणि त्याला कारण आहे. ऊस तुटला नाही तर वर्षाचे पीक रानातच वाळते, वजन घटते, पुढची लागण लांबते. २०२१-२२ च्या हंगामात राज्यात विक्रमी गाळप झाले आणि धुराडी जूनपर्यंत पेटती राहिली. मराठवाड्यात मे महिन्याच्या उन्हात ऊस उभा होता आणि तोडायला टोळी मिळत नव्हती. टोळी मिळाली तरी ‘खुशाली’ म्हणून वरचे पैसे द्यावे लागतात, गाडीमागे ड्रायव्हरची ‘एंट्री’ वेगळी. ही मागणी यंत्राच्या चालकांकडूनही होते अशा तक्रारी आता येऊ लागल्या आहेत. दुसरीकडे, उचल घेऊन मुकादम फिरकलाच नाही, म्हणून कर्जबाजारी झालेले वाहतूकदार गावोगाव आहेत; ट्रॅक्टर विकून कारखान्याची बाकी फेडणाऱ्यांचे दुःखही खरे आहे. शिवाय मजुरांची पुढची पिढी शिकते आहे आणि जमेल तिथे कोयत्यापासून दूर जाते आहे. मजूर कमी पडू लागले म्हणून मशीन आले हे म्हणणे त्यामुळे खोटे नाही. कमी का पडले, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे: या कामात माणूस चाळिशीतच म्हातारा होतो, आणि पर्याय असेल तर कोणी आपल्या लेकराच्या हाती कोयता देत नाही.

राज्य शासनाने २०२३ मध्ये राष्ट्रीय कृषी विकास योजनेतून ९०० यंत्रांना अनुदान देण्याची योजना काढली. किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख रुपये, यांतली कमी असेल ती रक्कम देण्याचे तिच्यात ठरले होते. यंत्राची किंमत कोटीच्या आसपास जाते. राजकोटच्या ‘शक्तिमान’सारख्या देशी यंत्रांमुळे ती काहीशी आवाक्यात आली आहे. बागायती भागातल्या तरुणांनी कर्ज काढून मशीन घेतले. हप्ता बारा महिने चालतो, हंगाम चार-पाच महिन्यांचा असतो. हंगाम आखडला तर हप्त्याचे काय, ही काळजी मालकाच्या जिवाला लागलेली असते.

आता मुद्दा मजुराचा. गिरणीत किंवा कारखान्यात यंत्र आले आणि हजेरीपटावरचा माणूस कमी झाला तर नोटीस असते, भरपाई असते, निदान भांडायला समोर मालक असतो. ऊसतोड मजूर कारखान्याच्या हजेरीपटावर कधी नव्हताच. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदाही राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांसाठी होता. बीडहून शेकडो किलोमीटरवरच्या कोल्हापूरला जाणारा त्यात बसला नाही. यंत्र आल्यावर या मजुराला कोणी ‘कामावरून काढले’ असे होत नाही. मुकादम यंदा पावसाळ्यात घरी येत नाही, किंवा वीसऐवजी बारा कोयते घेतो, किंवा उचल कमी देतो. बस, इतकेच घडते. बेरोजगारीचा आकडा त्यातून वाढत नाही, कारण रोजगाराच्या आकड्यात हे जोडपे कधी धरलेच नव्हते.

काम पूर्ण संपते असेही नाही. ते बदलते, आणि बरेचदा अवघड होते. सरळ सऱ्यांचे मोठे फड मशीनकडे गेले की कोयत्याला उरतो तो तुकड्यातला, अडचणीतला, वाऱ्याने लोळलेला ऊस. लोळलेला ऊस तोडायला वेळ जास्त लागतो आणि दिवसाचे टन कमी भरतात. मजुरी टनावर असल्याने तो फरक मजुराच्या पदरात पडतो. दुसरा तोटा वाढ्यांचा. उसाच्या शेंड्याचा हा हिरवा चारा मजूर आपल्या बैलांना घालतो, उरलेला पेंढ्या बांधून गावात विकतो. मीठ-मिरचीचा, लेकराच्या औषधाचा रोजचा खर्च त्यातून निघतो. मशीनचा टॉपर शेंडे कापून रानात उधळतो. जमिनीला आच्छादन मिळते आणि त्याचा सेंद्रिय कर्बासाठी फायदा आहे हे खरे, पण चारा गेला. या नुकसानीची चर्चा कुठल्याही कराराच्या बैठकीत होत नाही.

बायकांच्या बाबतीत जास्त जपून बोलायला हवे. बीड जिल्ह्यात तरुण ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण धक्कादायक असल्याचे २०१९ मध्ये पुढे आले आणि शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. पाळीच्या दिवसांत खाडा पडला तर दंड, फडात आडोसा नाही, पाणी नाही, राहत्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, अंधार, या गोष्टी तेव्हा राज्याला कळल्या. असे काम यंत्राने केले तर बिघडले कुठे, हा प्रश्न रास्त आहे. कोयता टिकावा म्हणून टिकवण्यासारखे त्यात काही नाही. पण मशीनच्या केबिनमध्ये बसणारा चालक, इन्फिल्डरचा ड्रायव्हर, गॅरेजमधला मेकॅनिक या नव्या जागांवर पुरुषच दिसतात, आणि तेही बहुधा बागायतदार गावांतले. ज्या बाईची पाठ या कामात गेली तिच्यासाठी नव्या कामात जागा ठेवलेली नाही.

बाहेरच्या देशांत हा बदल आधी होऊन गेला. ऑस्ट्रेलियात १९७० च्या दशकाअखेर जवळपास सगळा ऊस यंत्राने तुटू लागला. कांड्या करणाऱ्या यंत्राच्या घडणीत क्वीन्सलँडमधल्या बंडाबर्गच्या टॉफ्ट बंधूंचा मोठा वाटा होता. ब्राझीलच्या साओ पाउलो राज्यात तोडणीपूर्वी ऊस पेटवण्यावर टप्प्याटप्प्याने बंदी आणण्याचा करार २००७ मध्ये झाला आणि त्याने यंत्राला वेग दिला. तिथली शेते शेकडो एकरांची, सपाट. सरासरी एक-दीड हेक्टर धारणेच्या महाराष्ट्रात यंत्र त्याच वेगाने पसरणे कठीण आहे, त्यामुळे मशीन आणि कोयता बरीच वर्षे शेजारी-शेजारी राहतील असे दिसते.

गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी गाळपाच्या टनामागे १० रुपये आणि तेवढीच रक्कम शासनाने द्यायची असे ठरले आहे. मजुरांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने शासकीय वसतिगृहे निघाली, ग्रामसेवकांमार्फत ओळखपत्रे देण्याचे काम सुरू झाले. टनावरचा हा निधी मशीनने तोडलेल्या उसावरही जमा होतो, आणि मशीनमुळे ज्यांचा कोयता सुटला त्यांच्यासाठी तो वापरता येईल. त्यासाठी ओळखपत्र नवरा आणि बायको दोघांच्या नावाने वेगवेगळे निघायला हवे. गेल्या हंगामात कोयता कोणत्या कारखान्यावर होता, यंदा उचल मिळाली की नाही, याची नोंद गावातच, पावसाळ्यात, गाड्या निघण्याआधी व्हायला हवी.