पाठ असूनही अंगावर काटा येतो तेव्हा

मार्च 1971. न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट नाट्यगृहात अमेरिकेच्या दक्षिणेतला, जॉर्जियाच्या मेकन गावचा ऑलमन ब्रदर्स बँड वाजवत होता. ध्वनिमुद्रण टॉम डाउड यांच्या देखरेखीखाली झालं. हा माणूस तरुणपणी अणुबॉम्ब बनवणाऱ्या मॅनहॅटन प्रकल्पात काम केलेला! त्या ध्वनिमुद्रणातलं ‘व्हिपिंग पोस्ट’ हे गाणं जवळजवळ 23 मिनिटं चालतं. पुढची प्रत्येक जागा तोंडपाठ असलेल्यांनाही ते आज खुर्चीत नीट बसू देत नाही. असं का व्हावं?

मॉन्ट्रियलच्या मॅगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2011 साली याच्या जवळ जाणारा प्रयोग प्रसिद्ध केला. श्रोत्यांनी स्वतःच्या आवडीचं, ओळखीचं संगीत ऐकलं आणि त्याच वेळी मेंदूचं चित्रण झालं. अंगावर काटा येण्याच्या क्षणी डोपामाइन, म्हणजे मेंदूतलं सुखाशी जोडलेलं रसायन, स्रवलं, हे अपेक्षितच होतं. पण त्याच्या काही सेकंद आधी, नुसती चाहूल लागताच, मेंदूच्या दुसऱ्या भागात ते स्रवायला लागलं होतं. म्हणजे पुढचं ठाऊक असल्यामुळे आनंद कमी होत नाही. ती वाट पाहणंच सुखाचं असतं.

आणि वाट पाहायला लावण्यात हा बँड फार तरबेज होता. ‘व्हिपिंग पोस्ट’ची सुरुवात बेस गिटारवर, 11 मात्रांची: तीन, तीन, तीन, दोन. कान बारावी मात्रा गृहीत धरतो, ती येत नाही आणि आपण पुढच्या आवर्तनात ओढले जातो. गाणं सुरू झालं की बारा पुऱ्या होतात. केवढी सुटका वाटते!

दुसरी करामत बँडचा गिटारवादक ड्युएन ऑलमन याच्या स्लाइड गिटारची. गिटारवरच्या पट्ट्या तारेची लांबी ठरावीक टप्प्यांनी कमी करतात. ड्युएन बोटात औषधाची काचेची बाटली घालून ती तारेवरून सरकवायचा. लांबी सलग बदलली की कंपनसंख्याही सलग बदलते, सूर पायऱ्या न घेता घसरत जातो. आपण याला मींड म्हणतो. माणसाचा गळाही असाच सरकतो, म्हणून ती तार बोलते आहे असं मला दर वेळी वाटतं. स्वर अजून पोहोचलेला नसतो, पण कुठे निघालाय ते कळलेलं असतं.

त्याच वर्षी 29 ऑक्टोबरला मोटरसायकलच्या अपघातात ड्युएन गेला, 24 वर्षांचा असताना. त्या ध्वनिमुद्रिकेवर ‘व्हिपिंग पोस्ट’ संपतच नाही. शेवटी बँड पुढच्या रचनेत शिरतो आणि आवाज विरत जातो. ती पुढची रचना ऐकायला श्रोत्यांना 1972 च्या पुढल्या अल्बमपर्यंत थांबावं लागलं.